सरकारचा पगार, तालिबानची परवानगी: अफगाणिस्तानातला दवाखाना चालायचा कसा?

काबूल शहर सोडून नैऋत्येला निघालं की लगेच वर्दक प्रांत लागतो. २०१९ च्या जुलैमध्ये या एका प्रांतातल्या ७७ दवाखान्यांपैकी ४२ दवाखान्यांना कुलपं लागली. ८ जुलैच्या रात्री अफगाण सरकारच्या विशेष दलाने दायमीरदाद भागात तंगी सैदान इथल्या रुग्णालयावर छापा घातला होता आणि त्यात रुग्णालयातल्या माणसांचे जीव गेले होते. त्यानंतर काही दिवसांतच तालिबानने ‘स्वीडिश कमिटी फॉर अफगाणिस्तान’ या संस्थेला दवाखाने बंद करायला लावले. संस्थेच्या अंदाजाने रोज सुमारे ५,७०० रुग्णांचे उपचार थांबले. याच तंगी सैदानच्या दवाखान्यावर २०१६ च्या फेब्रुवारीतही सरकारी दलाने छापा घातला होता. तेव्हा दोन रुग्ण आणि रुग्णासोबत आलेला १५ वर्षांचा एक मुलगा मारला गेला होता.

आता यातली गुंतागुंत पाहा. दवाखाना चालवणारी स्वयंसेवी संस्था. तिला पैसा मिळायचा अफगाण सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडून. छापा घातला त्याच सरकारच्या दलाने. आणि कुलूप लावायला सांगितलं सरकारशी लढणाऱ्या तालिबानने.

सशस्त्र गटाच्या ताब्यातल्या भागात आरोग्यसेवा म्हटली की गुहेतला गुप्त दवाखाना, पळवून आणलेला डॉक्टर असं चित्र डोळ्यांसमोर येतं. अफगाणिस्तानात २००३ ते २०२१ या काळात जे चाललं ते यापेक्षा फार वेगळं होतं. तालिबानच्या अमलाखालच्या बहुतेक भागात दवाखाना उघडपणे चालायचा, भिंतीवर मंत्रालयाचं बोधचिन्ह असायचं आणि रजिस्टरमधले आकडे दर महिन्याला काबूलला जायचे. पैसा एकाच्या हातात, कारभार दुसऱ्याच्या आणि परवानगी तिसऱ्याच्या. हे तीन हात कसे जुळायचे आणि कोणता हात आखडला की काय व्हायचं, हे समजलं की बाकीचं कोडं आपोआप सुटतं.

पैसा कुठून यायचा

२००१ च्या शेवटी तालिबानची पहिली राजवट कोसळली, तेव्हा देशात आरोग्य यंत्रणा म्हणावी असं फारसं काही उरलं नव्हतं. २००२ च्या पाहणीत दर एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १,६०० माता दगावत असल्याचं आढळलं. बदख्शान प्रांतातल्या राघ या डोंगराळ भागात तर हा आकडा ६,५०० च्या वर होता. जगात कुठेही नोंदल्या गेलेल्या सर्वांत वाईट आकड्यांत तो मोडतो. तुलनेसाठी, महाराष्ट्राचा आकडा २०१८-२० मध्ये ३३ होता.

नव्या सरकारकडे डॉक्टर नव्हते, इमारती नव्हत्या, तालुक्यापर्यंत पोचणारे अधिकारीही नव्हते. मात्र युद्धाच्या वर्षांतही काही स्वयंसेवी संस्था गावोगावी दवाखाने चालवत आल्या होत्या. म्हणून मंत्रालयाने २००३ मध्ये ठरवलं की आपण दवाखाने चालवायचे नाहीत, काय काय द्यायचं ते ठरवायचं आणि काम संस्थांना कंत्राटाने द्यायचं. ‘काय द्यायचं’ याची यादी म्हणजे मूलभूत आरोग्यसेवा संच. माता व नवजात बाळाची काळजी, बालआरोग्य व लसीकरण, पोषण, क्षयरोग व मलेरियासारखे संसर्गजन्य आजार, मानसिक आरोग्य, अपंगत्व आणि अत्यावश्यक औषधांचा पुरवठा असे त्याचे सात भाग होते.

पैसा जागतिक बँक, अमेरिका आणि युरोपीय संघाचा. सुरुवातीला या तिघांनी प्रांत वाटून घेतले होते, पुढे सगळा पैसा एकत्र करून मंत्रालयामार्फत जाऊ लागला. २०१८ पासून या योजनेचं नाव ‘सेहतमंदी’. ३४ पैकी ३१ प्रांतांत संस्थांची कंत्राटं होती, उरलेल्या तीन प्रांतांत मंत्रालय स्वतः दवाखाने चालवायचं. सेहतमंदीत संस्थेला मिळणाऱ्या रकमेचा एक भाग ठरलेला असायचा आणि दुसरा कामाच्या मोजमापावर: किती बाळंतपणं दवाखान्यात झाली, किती बाळांना पाच आजारांवरच्या पेंटा लसीचा तिसरा डोस मिळाला, किती क्षयरुग्णांचे उपचार पूर्ण झाले.

कामावर पैसे म्हटले की आकडे फुगवण्याचा मोह होणार, म्हणून तपासणी त्रयस्थाकडे दिली होती. सुरुवातीच्या वर्षांत ही जबाबदारी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाकडे आणि आपल्या जयपूरच्या आरोग्य व्यवस्थापन संशोधन संस्थेकडे होती. प्रत्येक प्रांताचं गुणपत्रक तयार व्हायचं. त्यात औषधं आहेत का, कर्मचारी हजर आहेत का, रुग्णाशी नीट बोलतात का, अशा गोष्टी मोजल्या जायच्या. तालिबानच्या भागात मात्र तपासनीस पोचणं अवघड. जिथे तो पोचू शकत नाही तिथे कागदावरचा दवाखाना आणि जमिनीवरचा दवाखाना यांत अंतर पडायला वेळ लागत नाही.

उतरंड

आपल्याकडे सपाट भागात ५,००० लोकसंख्येला उपकेंद्र आणि ३०,००० ला प्राथमिक आरोग्य केंद्र असा नियम आहे. अफगाणिस्तानातली रचना वाचताना तीच नजरेसमोर ठेवावी, म्हणजे समजायला सोपं जातं.

सगळ्यात खाली आरोग्य चौकी: १,००० ते १,५०० लोकांमागे एक, म्हणजे शंभर-दीडशे घरं. तिला वेगळी इमारत नसते. गावातलीच एक बाई आणि एक पुरुष, दोघेही बिनपगारी, आपल्या घरातूनच काम करतात. आपल्या आशाताईंचं काम डोळ्यांसमोर आणा, पण प्रत्येक गावात एका पुरुषाची जोड देऊन. अनेकदा ही जोडी नवरा-बायकोची किंवा बहीण-भावाची असते, कारण परक्या पुरुषाबरोबर बाईने गावात फिरणं चालत नाही. त्यावर ३,००० ते ७,००० लोकांसाठी उपकेंद्र. मग १५,००० ते ३०,००० लोकांसाठी मूलभूत आरोग्य केंद्र, ३०,००० ते ६०,००० साठी सर्वंकष केंद्र आणि एक ते तीन लाखांसाठी जिल्हा रुग्णालय. तिथला ‘जिल्हा’ म्हणजे वुलुसवाली, आकाराने आणि कारभाराने आपल्या तालुक्याजवळ जाणारा.

या उतरंडीत एक भेग होती आणि युद्धात नेमकी तीच उघडी पडली. जिल्हा रुग्णालय साधारणपणे जिल्ह्याच्या मुख्य गावात असायचं आणि तेवढं गाव सरकारच्या हातात असायचं. भोवतालची खेडी तालिबानच्या हातात. अमेरिकी सरकारच्या देखरेख यंत्रणेच्या नोंदींनुसार २०१८ च्या अखेरीस ४०७ पैकी निम्म्याहून थोडेच जास्त जिल्हे सरकारच्या ताब्यात किंवा प्रभावाखाली होते, आणि त्यांतही बऱ्याच ठिकाणी ताबा म्हणजे बाजारपेठ, पोलीस ठाणं आणि कचेरी एवढाच. खेड्यातल्या उपकेंद्रातून रुग्णाला वर पाठवायचं म्हणजे मधली लढाईची रेघ ओलांडायची.

परवानगी

तालिबानची स्वतःची समांतर यंत्रणा होती: प्रत्येक प्रांताला सावली राज्यपाल, आणि शिक्षण, आरोग्य, न्याय अशा विषयांचे आयोग. आरोग्य आयोगाचा माणूस प्रांतपातळीवर असायचा. त्याच्याकडे ना रुग्णालयं होती ना औषधांचा निधी. त्याच्याकडे होती फक्त परवानगी.

संस्थेला एखाद्या भागात काम करायचं असेल, तर पहिलं पाऊल गावातल्या शुरेकडे टाकायचं. शुरा म्हणजे वडीलधाऱ्यांची बैठक. नियमाप्रमाणे प्रत्येक दवाखान्याची एक आरोग्य-शुरा असावीच लागते. गावाचे वडीलधारे जाऊन तालिबानच्या लोकांशी बोलायचे, कारण मागणी गावाकडून आली की ती सरकारची मागणी वाटत नाही. मग आरोग्य आयोगाकडून पत्र. त्यानंतर स्थानिक कमांडर, आणि नेमकी इथेच गाडी अडायची. वरचं पत्र असूनही खालचा कमांडर ऐकेलच असं नाही. कमांडर मारला गेला किंवा बदलला की सगळं पहिल्यापासून. म्हणून ज्या संस्था टिकल्या त्यांनी कर्मचारी त्याच भागातले घेतले. औषधांची गाडी नाक्यावर अडवली, तर चालक कोणाचा मुलगा हे नाक्यावरच्या पोराला ठाऊक असलं पाहिजे.

परवानगीच्या बदल्यात तालिबान बरंच काही मागायचे. काही मागण्या अगदी रास्त होत्या. डॉक्टर वेळेवर येतो का, औषधं बाजारात विकली जात नाहीत ना, याकडे त्यांची माणसं लक्ष ठेवायची. कर्मचाऱ्यांची दांडी मारायची सवय त्यांच्या धाकाने मोडल्याचं कितीतरी ठिकाणच्या लोकांनी सांगितलं आहे. आमच्या भागात दवाखाने कमी आहेत, अजून द्या, रुग्णवाहिका द्या, शस्त्रक्रियेची सोय द्या, या मागण्याही सततच्या. दुसऱ्या काही मागण्यांनी मात्र संस्थेचा गळा आवळला जायचा. आमच्या माणसाला नोकरीवर घ्या, कंत्राटातून किंवा पगारातून अमुक हिस्सा द्या, आमच्या जखमींना आधी बघा.

मागणी मान्य झाली नाही की हाताशी एकच हत्यार होतं, कुलूप. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये उरुझगान प्रांतात तालिबानने ४९ पैकी ४६ दवाखाने बंद पाडले. जखमी लढवय्यांच्या उपचारांची सोय हवी, हा दबाव त्यामागे होता. यातली क्रूरता नीट समजून घेतली पाहिजे. त्या दवाखान्यांत येणाऱ्या बहुसंख्य बायका-मुलं तालिबानच्याच अमलाखालच्या गावांतली होती. आपल्याच रयतेचे उपचार ओलीस ठेवून सरकारकडून आणि संस्थांकडून काम करून घेण्याचा हा प्रकार होता, आणि तो चालायचा तोच मुळी समोरच्याला त्या रुग्णांची काळजी होती म्हणून.

दुसऱ्या बाजूची भीतीही तितकीच खरी. दवाखान्यात तालिबानचा जखमी ठेवला की सरकारी दलाला वाटायचं, हा शत्रूचा अड्डा. त्यातून तंगी सैदानसारखे छापे. भरीला अमेरिकेचा कायदा: दहशतवादी ठरवलेल्या गटाला ‘मदत’ हा गुन्हा. त्यामुळे कमांडरशी परवानगीची चर्चा करणारा संस्थेचा माणूसही कायम धास्तावलेला. युद्धाचा कायदा याबाबतीत मात्र अगदी स्पष्ट आहे. जिनिव्हा करारांच्या सामाईक तिसऱ्या कलमात म्हटलं आहे की जखमी आणि आजारी माणसांना गोळा करावं आणि त्यांची शुश्रूषा करावी. कोणत्या बाजूचे, असा भेद त्यात नाही. बंदूक हातातून सुटली आणि माणूस खाटेवर आला की तो रुग्ण. त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर कोणाला ‘साथ’ देत नसतो.

बाळंतपण

तालिबानच्या भागात डॉक्टरपेक्षाही मोलाचं माणूस म्हणजे मिडवाइफ, प्रशिक्षण घेतलेली सुईण. ग्रामीण दक्षिण अफगाणिस्तानात बायकांना पुरुष डॉक्टरने तपासलेलं घरच्यांना चालत नाही. मिडवाइफ नाही म्हणजे दवाखान्यात बाळंतपण नाही, इतकं सरळ गणित. २००२ मध्ये अख्ख्या देशात प्रशिक्षित मिडवाइफ जेमतेम ४६७ होत्या.

शहरातल्या मुलीला शिकवून खेड्यात पाठवायचं तर ती जाणार नाही, गेली तरी टिकणार नाही, कारण तिच्यासोबत राहायला घरातला पुरुष हवा. म्हणून अभ्यासक्रम उलट्या टोकाने आखला. ज्या दवाखान्यात जागा रिकामी आहे, त्याच पंचक्रोशीतल्या लोकांनी मुलगी निवडायची. सासर-माहेरची संमती आधी घ्यायची. प्रांताच्या गावी वसतिगृहात सुरुवातीला १८ महिने, पुढे दोन वर्षं प्रशिक्षण, आणि मग त्याच गावी नोकरी. काही वर्षांतच मिडवाइफची संख्या हजारांत गेली. देशाच्या मातामृत्यूदराचा संयुक्त राष्ट्रांचा २०२० सालचा अंदाज ६२० आहे. आपल्या मानाने तो अजूनही भयंकर, पण २००२ शी ताडून पाहा.

इतकं करूनही रात्रीचं बाळंतपण घरीच व्हायचं. रात्री रस्त्यावर सुरुंग असू शकतो, आणि अंधारात येणारी गाडी दोन्ही बाजूंच्या नाक्यांना संशयास्पद वाटते. शिवाय २००८ पासून तालिबानने अनेक प्रांतांत मोबाइल कंपन्यांना रात्री टॉवर बंद ठेवायला भाग पाडलं होतं. आपला ठावठिकाणा फोनवरून लागू नये हा त्यांचा हेतू. परिणाम असा की रक्तस्राव सुरू झालेल्या बाईच्या घरच्यांना रुग्णवाहिका बोलावण्याचा मार्गच उरायचा नाही.

बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचं सगळ्यात मोठं कारण. रुग्णालयात त्यावर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, पण ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं आणि टोचायला शिकलेलं माणूस लागतं. घरच्या बाळंतपणासाठी वेगळा उपाय काढला गेला: मिसोप्रोस्टोलच्या गोळ्या. त्यांना फ्रिज लागत नाही. गावातली आरोग्य स्वयंसेविका गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत २०० मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या आधीच नेऊन द्यायची आणि नवरा-सासूला बसवून समजावायची. बाळ बाहेर आलं की लगेच तिन्ही गोळ्या एकदम गिळायच्या. बाळ बाहेर यायच्या आधी चुकूनही नाही, कारण गोळीने गर्भाशय इतक्या जोराने आवळतं की ते फाटू शकतं, बाळही दगावू शकतं. पोटावर हात फिरवून आत दुसरं बाळ, म्हणजे जुळं, नाही ना याची खात्री करायची, मगच गोळ्या. थंडी वाजून अंगात ताप चढतो, तो उतरतो, घाबरायचं नाही. गोळ्या घेऊनही रक्त थांबलं नाही तर जमेल त्या वाहनाने दवाखाना गाठायचा. आणि रुग्णालयातच बाळंतपण झालं तर न वापरलेल्या गोळ्या परत द्यायच्या, घरात ठेवायच्या नाहीत. अक्षर न ओळखणाऱ्या बायकांनी चित्रं पाहून हे सगळं शिकून घेतलं आणि बिनचूक पार पाडलं. अफगाणिस्तानात झालेल्या प्रयोगातून हेच दिसून आलं.

जखमी

मूलभूत सेवांच्या यादीत एक गोष्ट जवळपास नव्हतीच: युद्धातल्या जखमांची शस्त्रक्रिया. २००३ मध्ये सगळ्यांची समजूत होती की युद्ध संपलं, आता माता आणि बालकं. यादी लिहिणाऱ्यांचा तो आशावाद समजण्यासारखा आहे, पण पुढची १८ वर्षं त्याची किंमत मोजावी लागली. पोटात गोळी लागलेला शेतकरी उपकेंद्रात आला की तिथल्या नर्सकडे पट्टी, सलाईन आणि प्रतिजैविकं, बस.

ही पोकळी तीन-चार संस्थांनी भरायचा प्रयत्न केला. ‘इमर्जन्सी’ या इटालियन संस्थेचं दक्षिणेतल्या हेलमंद प्रांतात लष्करगाह इथलं शस्त्रक्रिया केंद्र २००४ पासून चालू आहे. त्यांनी प्रांतात आत आत प्रथमोपचार ठाणी उघडली. तिथे जखम बांधायची, रक्त थांबवायचं, श्वासाचा मार्ग मोकळा ठेवायचा आणि रुग्णवाहिकेने केंद्रात पाठवायचं. मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत जखमीला जिवंत ठेवणं, एवढंच त्या ठाण्याचं काम. कंदहारच्या मिरवाइस रुग्णालयाला रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचा आधार होता. याच समितीने दक्षिणेत एक साधी, उपयोगी युक्ती वापरली. खासगी टॅक्सीवाल्यांना प्रथमोपचार शिकवून जखमींना लढाईच्या रेघेपलीकडून आणण्याचे पैसे द्यायचे. जी रुग्णवाहिका नाक्यावर अडते ती जुनी टॅक्सी अडत नाही, कारण चालक रोजचा, ओळखीचा. २०१० च्या एप्रिलमध्ये समितीने ७० हून अधिक तालिबान्यांना प्रथमोपचाराचं प्रशिक्षण दिलं, तेव्हा पाश्चात्त्य वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. समिती सरकारी पोलिसांनाही तेच शिकवत होती. शेतात पडलेल्या जखमीजवळ पहिल्या पाच मिनिटांत जो माणूस असतो त्याला रक्त थांबवता आलं पाहिजे, आणि हेलमंदच्या खेड्यात तो माणूस बऱ्याचदा बंदूकधारी असतो.

कुंदुझ शहरातलं ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’चं रुग्णालय या विचाराचा कळस होता. शस्त्र दाराबाहेर ठेवा, आत कोणीही या. २८ सप्टेंबर २०१५ ला शहर तालिबानच्या हातात गेलं. संस्थेने २९ तारखेला आपल्या इमारतीचे नेमके अक्षांश-रेखांश सगळ्या बाजूंना पुन्हा कळवले. ३ ऑक्टोबरच्या पहाटे अमेरिकी विमानाने त्याच इमारतीवर मारा केला आणि ४२ माणसं मेली: १४ कर्मचारी, २४ रुग्ण, सोबतचे ४ नातेवाईक. या भागातली एकमेव मोठी अपघात-शस्त्रक्रियेची सोय एका पहाटेत गेली.

दोन थेंब

पोलिओची मोहीम आपल्याला पाठ आहे. घरोघर जायचं, पाच वर्षांखालच्या प्रत्येक बाळाला दोन थेंब, बोटाला शाई, दारावर खडूची खूण. लस थंड ठेवायला खांद्यावर व्हॅक्सिन कॅरियर, आत बर्फाचे चार पॅक. प्रत्येक कुपीवर एक वर्तुळ आणि त्यात चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस चांगली. दोन्हींचा रंग सारखा झाला की उष्णतेने खराब झाली, टाकून द्यायची. वीज नसलेल्या खेड्यात हा छोटा चौकोन फार मोठं काम करतो.

तालिबान सुरुवातीला याच्या विरोधात नव्हते. २००७ मध्ये तालिबानचा तेव्हाचा प्रमुख मुल्ला उमर याच्या नावाचं पाठिंब्याचं पत्र घेऊन पथकं फिरायची, रेड क्रॉसच्या मध्यस्थीने लढाईच्या भागातून वाट मिळायची. मग दोन गोष्टी घडल्या. एक, ड्रोनचे आणि रात्रीच्या छाप्यांचे दिवस आले. घरोघर जाऊन घरात कोण कोण आहे हे पाहणारी अनोळखी माणसं कमांडरांना हेर वाटू लागली. दोन, २०११ मध्ये पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये बिन लादेनचा माग काढायला अमेरिकी गुप्तहेर संस्थेने हिपॅटायटिस बीच्या खोट्या लसीकरण मोहिमेचा आधार घेतला होता हे उघड झालं. त्या एका कारवाईने लस घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या प्रामाणिक माणसांचं किती नुकसान केलं, याची मोजदाद अजून संपलेली नाही.

मे २०१८ मध्ये तालिबानने दक्षिणेत घरोघरच्या मोहिमेवर बंदी घातली. एप्रिल २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि रेड क्रॉस दोघांच्याही कामाला मनाई केली. सप्टेंबरमध्ये ती उठली, पण लस फक्त दवाखान्यात द्यायची अशी अट राहिली. दवाखान्यात आणायचं तर बाईसोबत पुरुष हवा, वाहन हवं, दिवसाची मजुरी बुडणार. निरोगी दिसणाऱ्या बाळासाठी कोण एवढं करणार? देशात पोलिओने लुळी पडलेली मुलं २०१८ मध्ये २१, २०१९ मध्ये २९ आणि २०२० मध्ये ५६. हा विषाणू शंभरेक मुलांना लागण झाल्यावर फार तर एखाद्याला लुळं करतो, त्यामुळे ५६ च्या मागे किती संसर्ग असेल याची कल्पना करा. सत्तांतरानंतर ८ नोव्हेंबर २०२१ ला देशभर मोहीम पुन्हा सुरू झाली, तेव्हा तीन वर्षांहून अधिक काळ न भेटलेल्या ३३ लाख मुलांपर्यंत पोचण्याचं लक्ष्य होतं. २०२२ मध्ये फक्त २ रुग्ण. २०२४ मध्ये पुन्हा २५.

परवानगी देणाऱ्याच्या हातात सगळं आलं तेव्हा

१५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये शिरले. लढाईची रेघ पुसली गेली, नाके उठले, रात्री गाडी नेता येऊ लागली. वर्दकच्या गावातून काबूलचं रुग्णालय आता सरळ गाठता येत होतं. आणि नेमका त्याच आठवड्यांत पैशाचा हात आखडला. जागतिक बँकेने निधी थांबवला. सप्टेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की सेहतमंदीच्या दवाखान्यांपैकी पूर्ण क्षमतेने चालणारे फक्त १७ टक्के उरले आहेत. इमारती होत्या, डॉक्टर होते, रुग्ण तर वाढलेच होते. पगार, औषधं आणि जनरेटरचं डिझेल नव्हतं.

मग पैसा नव्या वाटेने आला, मंत्रालयाला वळसा घालून. जागतिक बँकेचा निधी युनिसेफकडे, युनिसेफकडून थेट त्याच जुन्या संस्थांकडे. रेड क्रॉसने ३३ मोठ्या रुग्णालयांचे पगार आणि खर्च उचलले, पण २०२३ च्या ऑगस्टअखेर त्यांनाही बहुतेक रुग्णालयांतून हात काढून घ्यावा लागला. ४ मार्च २०२५ पर्यंत निधीअभावी १६७ दवाखाने बंद पडल्याची आणि त्यामुळे १६ लाख लोकांची सेवा तुटल्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे. लढाई नसतानाही.

बाळंतपणाच्या खोलीतला धोका वेगळा आहे आणि तो हळूहळू येतो. २०२१ पासून मुलींच्या माध्यमिक शाळा बंद. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठंही मुलींना बंद आणि स्वयंसेवी संस्थांत बायकांच्या नोकरीवर बंदी. आरोग्याला त्यातून सूट मिळाली. मिडवाइफ आणि नर्सिंगच्या संस्था कशाबशा चालू होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये त्याही बंद करायचा तोंडी हुकूम निघाला. बायकांना बाईनेच तपासावं असा आग्रह धरणाऱ्या राजवटीने ती बाई घडवणारा एकमेव उरलेला वर्ग बंद केला. आज खेड्यांत काम करणाऱ्या मिडवाइफपैकी दरवर्षी काही जणी थकतात, काही देश सोडतात, काहींच्या घरचे परवानगी काढून घेतात. पूर्वी अशी जागा भरायला दोन वर्षं लागायची: गावाने मुलगी निवडायची, तिने शिकून परत यायचं. आता ती जागा रिकामी राहते, आणि त्या दवाखान्याच्या बाळंतपणाच्या रजिस्टरमध्ये पुढच्या महिन्यापासून नोंदी होत नाहीत.